फोर्ट अग्यारी परिसर फेरी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी 7 वाजता चर्चगेट स्थानकाबाहेर जमून आपण 1725 सालची, पारशांना पवित्र असलेली भिखा बेहराम विहीर, 1733 ची माणेकजी सेठ अग्यारी (पारशी अग्निमंदिर) आणि 1709 ची बनाजी लिमजी अग्यारी बाहेरून पाहणार आहोत.

तिन्ही ठिकाणी बिगरपारशांना प्रवेश नाही. अग्यारीतील अखंड अग्नीला मोबेद (पारशी धर्मगुरू) दिवसातून पाच वेळा सुखड (चंदन) अर्पण करतात, आणि पारशी कुटुंबे नवजोतीपासून (मुलांच्या धर्मदीक्षेपासून) वर्षश्राद्धापर्यंतच्या विधींसाठी तेथे येतात. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, ही आग्रहाची विनंती.

- दारातून आत डोकावू नये, छायाचित्रे घेऊ नयेत.
- प्रार्थनेस येणाऱ्यांची वाट अडवू नये.
- माणेकजी सेठ अग्यारीच्या प्रवेशद्वारावरील पंखधारी, मानवमुखी बैल रस्त्यावरूनच, पण निवांत पाहावेत.

नावे शनिवार दुपारपर्यंत कार्यवाहांकडे नोंदवावीत.