सोन्याआधी तांब्याचे बघा

संपादक महोदय,

ई-कचऱ्यातून ‘हरित’ रसायनांनी सोने काढण्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. जलतरण तलावात टाकतात ती क्लोरीनची पावडर मिठाच्या पाण्यात वापरून ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने २०२५ मध्ये सोने विरघळवून दाखवले. सायनाइड आणि अम्लराजाला (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाला) पर्याय मिळत असेल तर उत्तमच. पण या चर्चेत तांब्याचे नावही निघत नाही आणि खरी घाण तिथेच होते.

हिशेब करून पाहा. मदरबोर्डच्या किलोभर भंगारात साधारण २०० ग्रॅम तांबे असते, सोने मात्र मिलिग्रॅममध्ये मोजायचे. सोन्याचा मुलामा सुटा करायचा तर आधी हे तांबे काढावे लागते. एवढे तांबे तीव्र नायट्रिकमध्ये विरघळवायला जवळपास ८०० मिलिलिटर आम्ल लागते आणि सुमारे २९० ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो. गलाईच्या (सोने-चांदी शुद्ध करण्याच्या) भट्टीवर दिसणारा तांबूस धूर तो हाच. पेठेतल्या बोळात तो वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत शिरणारच.

नायट्रिकशिवाय हे काम होते. तेवढ्याच तांब्यासाठी दहा टक्के सल्फ्युरिक आम्ल साडेतीन लिटर घ्यावे (आम्ल पाण्यात सोडायचे, पाणी आम्लात कधीच नाही) आणि त्यात ३० टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेथोडे घालावे. समीकरणाप्रमाणे ते ३२० मिलिलिटर पुरते, प्रत्यक्षात दीडपट तरी जाते. कारण विरघळलेले तांबेच पेरॉक्साइड फोडत राहते. एकदम ओतले तर द्रावण तापते, फेसाळून उतू जाते आणि पेरॉक्साइड फुकट जाते. तापमान ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. उरते ते निळे मोरचुदाचे (तांब्याच्या सल्फेटचे) पाणी, आणि त्यात वर्खासारखे तरंगणारे सोन्याचे पापुद्रे.

अख्खा बोर्ड बुडवला तर आतल्या थरांतल्या तांब्यापर्यंत आम्ल पोहोचतच नाही. कडेचे सोनेरी पट्टे आणि पिना आधी कापून वेगळ्या कराव्यात. डाख राहिला तर त्यातल्या शिशाचे पांढरे सल्फेट सगळ्यावर बसते आणि गाळणे नकोसे होते.

पुढचे काम किरकोळ. धुतलेले पापुद्रे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोड्या पेरॉक्साइडमध्ये विरघळतात. तांबूस धूर नाही, पण क्लोरीन सुटतो म्हणून धूर ओढणारा पंखा हवाच. उरलेले पेरॉक्साइड उकळून घालवले की सोडियम मेटाबायसल्फाइटने सोने तपकिरी भुकटी होऊन खाली बसते. वरच्या पाण्याच्या थेंबाला स्टॅनस क्लोराइड लावून जांभळा रंग आला, तर सोने अजून पाण्यात आहे.

एक इशारा. नायट्रिक मारायला युरिया टाकायची सवय कारागिरांच्या हातात बसलेली असते. तलावाच्या पावडरीत युरिया किंवा अमोनिया पडला, तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकते, आणि ते स्फोटक आहे.

‘हरित’ शब्दालाही भुलू नये. काही ‘हरित’ कृतींत वापरतात ते ग्लायसिन (एक अमिनो आम्ल) स्वतः निरुपद्रवी, पण ते तांब्याला असे धरून ठेवते की चुन्याने तांबे नीट खाली बसत नाही. पाणी स्वच्छ झाले असे वाटते आणि धातू गटारात जातो. मैलाशुद्धीकरण केंद्र जिवाणूंवर चालते. तिथे तांबे नष्ट होत नाही, बरेचसे गाळात साचते, आणि जास्त झाले तर जिवाणूच मरतात. साध्या सल्फेटच्या पाण्यातले तांबे मात्र लोखंडाच्या भंगारावर बसते. नंतर चुना घालून सामू (pH) नऊ-दहावर नेला की लोखंड आणि निकेलही गाळात येतात. तो गाळ घातक कचरा आहे, कचरागाडीत टाकायचा नाही.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम नोंदणीकृत पुनर्वापर केंद्र गृहीत धरतात. बोळातल्या दोन माणसांच्या गलाईला स्वतःची सांडपाणी यंत्रणा परवडणार नाही. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मिळून पेठांसाठी एक सामायिक टाकी व धूर शोषणारी यंत्रणा उभारावी आणि आणलेल्या पाण्याचे लिटरमागे शुल्क घ्यावे.

– धातुशुद्धीकरणाच्या व्यवसायातील दोन वाचक, पुणे ३०