आधी प्री-ऑर्डर रद्द करा

महोदय,
व्हिडिओ गेमवरचा बहिष्कार म्हणजे बोलाचीच कढी, असे माझे मत २००९ मध्ये झाले. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या गेमच्या पीसी आवृत्तीत डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंना स्वतः चालवता येणारे वेगळे सर्व्हर) नाहीत म्हणून स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन मंचावर बहिष्काराचा गट निघाला. गेम आल्यावर त्या गटाच्या सदस्ययादीचा स्क्रीनशॉट सगळीकडे फिरला: कितीतरी नावांखाली तोच गेम सुरू! मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ या गेमने मत बदलायला लावले. सोनीने तो पीसीवर खेळणाऱ्यांना पीएसएन (सोनीची ऑनलाइन गेमिंग सेवा) खाते सक्तीचे करायचे जाहीर केले. कित्येक देशांत ते उघडताच येत नाही. स्टीमवर दोन लाखांहून जास्त नापसंतीचे शेरे पडले, लोक पैसे परत मागू लागले आणि काही दिवसांतच सोनीने माघार घेतली. आमचा भाचा मात्र बहिष्काराच्या नुसत्याच शपथा घेतो. गेमची प्री-ऑर्डर, म्हणजे आगाऊ मागणी, तशीच आहे.
– एक वाचक, डोंबिवली