अळ्यांच्या डब्याबद्दल, सविस्तर

नेरूळ, नवी मुंबई
ऑक्टोबर

प्रिय हेमंत,
सप्रेम नमस्कार.

घरचा ओला कचरा संपवून त्याचं खत करायला घोडबंदरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या पाळता येतील का, असं विचारलंस. येतील, आणि ऑक्टोबर हा सुरुवातीला चांगला महिना आहे. जूनमध्ये सुरू केलं असतंस तर पहिल्याच पावसात गाडं अडलं असतं.

आधी वहिनींची शंका, घरात माश्या होतील ही. ही घरमाशी नव्हे. लांबट, काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही, डंख मारत नाही. माशी झाल्यावर ती खात नाही, नुसतं पाणी पिते आणि आठवडाभर जगते, त्यामुळे ताटाभोवती घोंघावत नाही. खायचं सगळं काम अळीचं.

आता हिशेब. ६० × ४० सेंटीमीटरच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये पाच दिवसांच्या १०,००० अळ्या १२ दिवसांत साधारण १५ किलो ओला कचरा संपवतात. तुमचा रोजचा अर्धा किलो धरला तर ४,००० पुरेत. अंडी विकत घ्यायच्या फंदात पडू नकोस. एका ग्रॅममध्ये तीस हजारांहून जास्त अंडी असतात, एवढी तोंडं तू भरणार कशाने? शिवाय नुकत्या फुटलेल्या अळ्यांना पहिले पाच दिवस भिजवलेल्या कोंड्यावर जपावं लागतं. पाच दिवसांच्या अळ्याच घे.

क्रेट बंद बुडाचा हवा. तळाला दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर अळ्या, मग कचरा. कचऱ्याचा थर कधीही पाच सेंटीमीटरच्या वर नको. जाड थराच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथे आंबून घाण वास सुटतो आणि अळ्या वरच राहतात. वरून मच्छरदाणीची जाळी घट्ट बांध. सालं, देठं बारीक चिरून टाक. शिळा भात, पोळी, भाजी चालते, पण वरचं तेल टाकू नकोस. अळी अंगावरच्या छिद्रांनी श्वास घेते आणि तेलाने ती बुजतात. कोलंबीची डोकी फस्त होतात, टरफलं राहतात. आंब्याच्या कोयी, नारळाची करवंटी, शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा तशाच राहतात, त्या वेगळ्या काढ. डाळ आणि मासळी एकाच दिवशी जास्त पडली की नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येतो. मग दोन दिवस फक्त सालं आणि कोरडा भुसा.

खरं संकट पाण्याचं. आपल्या खरकट्यात आमटी, रस्सा, कलिंगडाचं पाणी सगळंच असतं. म्हणून कचरा आधी चाळणीत तासभर निथळू दे. मग मूठभर घेऊन दाब. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर भुसा मिसळ. कोरड्या गुळगुळीत भिंतीवर अळी चढू शकत नाही, ओल्या भिंतीवर सरळ चढते. बाल्कनीत पावसाची झड आली किंवा झाकणाखाली वाफ धरली, की रात्रीत शेकडो अळ्या बाहेर, आणि सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात! म्हणून कडा रोज कोरड्या फडक्याने पूस. पावसाळ्यात क्रेट आत घे.

ऊनही नको. खाणाऱ्या अळ्या स्वतःच उष्णता तयार करतात. त्यात पश्चिमेचं ऊन पडून आतलं तापमान ४५ च्या आसपास गेलं की त्या पळतात किंवा मरतात. मुंग्यांसाठी क्रेट चार विटांवर ठेव आणि प्रत्येक वीट पाण्याच्या वाडग्यात. पाण्यात साबणाचे दोन थेंब घाल, नाहीतर डासांची पैदास होईल आणि महापालिकेची माणसं डेंग्यूची तपासणी करायला आली की बोलणी खाशील. घरमाश्या जमल्या तर ताजा कचरा उघडा राहतोय असं समज आणि त्यावर कोकोपीटचा पातळ थर दे.

दोन आठवड्यांनी पांढऱ्या अळ्या गडद तपकिरी होऊ लागतात. आता त्या खात नाहीत, कोरडी अंधारी जागा शोधतात. क्रेटच्या एका बाजूला ३०–४० अंशांच्या चढाची फळी टेकव, दुसऱ्या टोकाखाली भुसा भरलेली बादली ठेव. त्यांना पाय नसतात, पण आपणहून सरपटत येऊन बादलीत पडतात. कोंबड्या पाळणाऱ्या किंवा मासे ठेवणाऱ्या कुणालाही दे. पिंजरा करून पुढची पिढी घरीच काढायचा नाद पहिल्या वर्षी करू नकोस. माश्यांना जोडी जमायला भरपूर ऊन लागतं आणि फ्लॅटमध्ये ते सोपं नाही.

मागे उरलेलं काळं खत ओलं असताना चाळलं जात नाही, चिकट गोळे होतात. दोन दिवस पसरून सुकव आणि मग चाळ. कुंडीत लगेच घालू नकोस. ते अजून कुजत असतं, मुळं जळतात. महिनाभर मुरव, मग नऊ वाट्या मातीला एक वाटी.

अळ्या न्यायला येशील तेव्हा झाकणाला बारीक भोकं पाडलेला पाच लिटरचा डबा आण, आत ओलसर भुसा. ठाणे–नेरूळ लोकलला सकाळची गर्दी टाळ, दुपारी ये. डबा पिशवीत उभाच ठेव.

तुझा,
सतीश