कांद्याच्या किरणांबद्दल आणि ज्वारीतल्या गोळीबद्दल

आई, बाबा,

नमस्कार करते. परवा बाबा बोलत असताना मी मधेच फोन कट केला, आणि पाचच मिनिटात दिनूदादा दारात येऊन उभा राहिला, तुम्हाला दोघांना रात्री त्याच्याकडं झोपायला घेऊन गेला. बाबांना ते लई लागलं हे मला दादानं सांगितलं. "माझ्याच घरातून मला बाहेर काढलं" असं म्हणालात म्हणे. म्हणून सगळं नीट लिहायला बसलेय. बाबा, चष्मा लावून वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, एका दमात नाही झालं तर दोनदा वाचा.

तुम्ही फोन केला होता कांद्यासाठी. कुणीतरी व्हिडिओ दाखवला की आता कांद्यावर अणुभट्टीतली किरणं मारतात, तो खाल्ला की कॅन्सर होतो, तवा तू पुण्यातला कांदा खाऊ नको, मी कट्टा पाठवतो, संगं ज्वारी पण पाठवतो, यंदा गोळी टाकलीय त्यामुळं कीड लागायची नाही. कट्टे कुठं ठेवलेत विचारलं तर म्हणालात आमच्याच खोलीत, बाहेर उंदरं लई झालेत. आणि मागून आईचा आवाज आला, "दोन दिस झाले खोलीत लसणावानी वास यायलाय, मी तर लसूण सोललाबी नाही." ते ऐकलं आणि माझे हातपाय गार पडले. फोन कट केला तो दादाला लावायला, राग म्हणून नाही.

बाबा, ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्यानंच किडे मरतात, आणि बंद खोलीत माणूस झोपला असेल तर माणूसही मरतो. त्याच्यावर उतारा म्हणून औषध नाही, डॉक्टर नुसता आधार देऊ शकतात. आणि त्याचा वास कसा, तर लसणासारखा नाहीतर सडक्या मासळीसारखा. आईचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं, तिला वाटलं पित्त झालं. लातूरला नेऊन दाखवलं, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. ही गोळी वापरायला सरकारनं कडक बंधनं घातलीत, पण तालुक्याच्या दुकानात तुम्हाला कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि एक शब्द सांगितला नाही. त्या माणसाचा मला राग आहे, तुमचा नाही.

आता कांद्याचं. तुमची भीती मी उडवून लावणार नाही, मलाही आधी तसंच वाटायचं म्हणून मी वाचून काढलं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं केंद्र आहे, कृषक नावाचं, २००२ पासून चालू आहे. जाड भिंतींच्या खोलीत कोबाल्ट-६० असतं, त्याच्यातून गॅमा किरणं निघतात आणि कांदा त्याच्यासमोरून फिरवून आणतात. कांदा कोबाल्टला कुठंच शिवत नाही, नुसती किरणं आरपार जातात. मागच्या वर्षी तुमच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, तेव्हा तुमच्यात काही किरणं साठून राहिली नाहीत ना, तसंच ते. कांद्याच्या पोटातला कोंब तेवढा वाढायचा थांबतो. आई नेहमी म्हणते ना, मिरगाचा वारा लागला की घरात ठेवलेल्या कांद्यालाबी कळतंय, आणि खरंच चिरायला घेतला की मधून हिरवा कोंब निघतो, बाहेरच्या पाकळ्या पिचपिचीत झालेल्या असतात, ते होऊ नये म्हणून ही किरणं. ओला भरलेला कांदा मात्र किरणं देऊनसुद्धा सडतोच.

१९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था या तिघांच्या तज्ज्ञांनी मिळून सांगितलं की १० किलोग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे किरणं मोजायचं माप) किरणं दिलेलं अन्न खायला धोक्याचं नाही, आणि कांद्याला तर त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. भीतीचं मूळ मात्र हवेतलं नाही. १९७५ ला आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेतून एक अभ्यास आला होता, कुपोषित लेकरांना नुकतेच किरणं दिलेले गहू खाऊ घातले तर त्यांच्या रक्तपेशींत बदल दिसले असं त्यात होतं, पुढं सरकारनं नेमलेल्या समितीनं तपासून ते निष्कर्ष मान्य केले नाहीत. क जीवनसत्त्व आणि बी-१ थोडं कमी होतं हे खरं आहे, पण तसं ते चार महिने पडून राहिलेल्या मालातूनही कमी होतंच. आणि बाबा, बांधावरच्या केशर आंब्याचा तुम्हाला किती अभिमान, तर २००७ ला आपले हापूस आणि केशर अमेरिकेत जायला लागले ते ह्याच लासलगावात किरणं देऊन, कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडं जाऊ नये म्हणून.

मला खटकतं ते वेगळंच. किरणं दिलेल्या मालाच्या पाकिटावर तसं लिहायचं आणि हिरवं फुलासारखं गोल चिन्ह छापायचं असा नियम आहे, पण मी भाजीवाल्याकडून सुटा कांदा घेते, त्याच्यावर काय छापणार? मला कळायला पाहिजे ना मी काय खातेय, खायचं का नाही ते मग मी ठरवीन. दुसरं, किरणांनी जंतू मरतात, पण मिरची घाण अंगणात वाळवली असेल तर ती घाण तिथंच राहते, फवारणीचं औषध तसंच राहतं, बुरशीनं सोडलेलं विषही तसंच राहतं. शेवटी किरणं मारायचीच आहेत म्हणून आधीचा हलगर्जीपणा चालवून घ्यायचा, हे मला पटत नाही. तरीपण मसाला जंतुमुक्त करायला इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात त्यापेक्षा किरणं बरी, कारण मागं काही उरत नाही. तो वायू कॅन्सर करणारा आहे, २०२४ ला हाँगकाँग आणि सिंगापूरनं आपल्याकडच्या काही मसाल्यांवर त्याच्यामुळंच कारवाई केली होती. म्हणून आई, मी तुझ्याच येसरच्या मागं लागते दरवर्षी. ती मिरची तू बाजेवर धुतलेलं लुगडं टाकून वाळवतेस, देठं एकेक खुडतेस, शिंका येऊन येऊन डोळे लाल होतात तरी कुणाला हात लावू देत नाहीस, ते मी लहानपणापासून बघितलंय. त्या तिखटाला कुठली किरणं लागत नाहीत.

आणि बी. किरणं दिलेला कांदा परत लावता येत नाही, त्याचा कोंबच गेलेला असतो. तुम्ही दरवर्षी चांगले मुठीएवढे कांदे बाजूला काढून बीसाठी लावता, पांढरे गोंडे आले की मधमाश्या घोंघावतात, बी झाडून आई जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवते. त्या फडक्यासाठी तरी घरचा कांदा राहिला पाहिजे.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की परडं बंद करू नका. आईचे गुडघे दुखतात म्हणून यंदा काही लावायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलं म्हणे, आणि बाजारातून आणायचं. कामून? खड्डे घ्यायला आणि पाणी द्यायला गडी लावा, त्याचे पैसे दर महिन्याला मी पाठवते, ह्यात नाही म्हणू नका. आईनं नुसतं बाजेवर बसून सांगायचं, दोडका कुठं चढवायचा, अंबाडी कुठं फेकायची, चवळी, भेंडी, कुंपणाला वाळूक. जास्त झालं तर शेजारी द्या, कट्टे भरून फाट्यावर नेऊन ट्रॅव्हल्समध्ये चढवायचे नाहीत. बाबा, तुम्ही बाहत्तरीचे झालात, मागच्या खेपेला ड्रायव्हरनं मला सांगितलं की म्हातारबाबांनी एकट्यानं पोतं उचललं, आणि मी ते पोतं उघडताना रडले.

ज्वारीचं असं करू. ती ऊन दाखवून इतकी खडखडीत वाळवायची की दाताखाली कटकन वाजली पाहिजे, मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरायची, थरावर थर वाळलेला कडुलिंबाचा पाला. डाळीला आई एरंडेल लावतेच. एवढं करून चार किडे निघाले तर निघू देत, चाळून घेऊ, आजीनं तेच केलं. धान्यालाही किरणं देतात म्हणतात, पण नंतर बाहेरून नवी कीड लागायचं थांबत नाही, आणि आपल्या चार कट्ट्यांसाठी एवढ्या लांब कोण जाणार.

दादानं खिडक्या सताड उघडून दाराला कुलूप लावलंय. कट्टे उचलायला, उघडायला, गोळीची राख बघायला कुणीही आत जायचं नाही, दादानंसुद्धा नाही. कृषी सहायकांशी मी बोलले, रविवारी सकाळी ते येतो म्हणालेत. मी शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघते. कोठी लातूरहून घेऊनच येईन. तोपर्यंत बाबा, त्या कुलपाची किल्ली दादाकडंच राहू द्या.

तुमची,
मीनू