आधी बोटींची नोंदवही काढ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रोइंग क्लबातल्या बायकांचा इतिहास लिहायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. मात्र ‘सभासदत्व कधी मिळालं’ एवढ्या एका तारखेवर थांबू नकोस. सभासदत्व मिळूनही बोट, पाण्यावरची वेळ आणि कपडे बदलायची खोली मिळायला कित्येक वर्षं जायची. त्या मधल्या वर्षांतच सगळं घडलेलं असतं.

म्हणून इतिवृत्तांच्या आधी बोटींची नोंदवही काढ. बायकांच्या वाट्याला कोणती बोट आली, किती वाजता, ते बघ. पुरुषांनी टाकलेली जुनी बोट असेल तर तिथे जरा थांब. रोइंगची बोट ठरावीक वजनासाठी घडवलेली असते. ९० किलोंच्या गड्यांच्या बोटीत ६० किलोंच्या मुली बसल्या की ती पाण्याबाहेर उंच राहते. गेट, म्हणजे वल्हं अडकवायची खाच, उंच येतं, हात छातीवर चढतात, पातं नीट बुडत नाही, आणि मग ‘मुलींची ताकद कमी’ असा शेरा पडतो. उपाय साधा असतो: गेटखालच्या एकदोन चकत्या (स्पेसर) काढून वर घालून गेट खाली आणायचं, आखूड पायांसाठी स्ट्रेचर, म्हणजे पाय रोवायची फळी, बैठकीकडे सरकवायचा. दुरुस्तीच्या वहीत हे बदल प्रथम दिसतील, ते वर्ष टिपून ठेव.

वेळांची तुलना करताना अंतर आधी तपास. १९७६ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचं रोइंग आलं ते १००० मीटरचं, पुरुषांचं २०००. जागतिक स्पर्धेत १९८५पासून आणि ऑलिंपिकमध्ये १९८८पासून महिलाही २००० मीटर वल्हवू लागल्या. जुन्या कागदांतली तीन-साडेतीन मिनिटांची वेळ बघून हुरळू नकोस. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या १९२७च्या पहिल्या महिला शर्यतीत तर दोन्ही बोटी एका वेळी पाण्यात नव्हत्याच. वेगासोबत शैलीलाही गुण होते.

खोलीचा प्रश्न किरकोळ समजू नकोस. १९७६ला येल विद्यापीठाच्या १९ मुली ओल्या कपड्यांनी कुडकुडत बसमध्ये थांबायच्या, कारण बोटहाऊसमध्ये न्हाणीघर फक्त मुलांसाठी होतं. शेवटी त्यांनी उघड्या अंगावर समान हक्काच्या कायद्याचं नाव लिहून अधिकाऱ्यांचं ऑफिस गाठलं. फिलाडेल्फियात क्लब दारं उघडेनात, तेव्हा १९३८ला पुरुष वल्हेकऱ्यांच्या बायका-मैत्रिणींनी स्वतःचाच क्लब काढला. याच्या उलटही घडलंय: लंडनचा फर्निव्हल क्लब १८९६ला मुलींसाठी सुरू झाला, पुरुष आले १९०१ला.

नावं शोधणं सगळ्यात कठीण. कित्येकींची नोंद नवऱ्याच्या नावानेच असते, किंवा चमूच्या यादीत नुसतं आडनाव. वर्गणीच्या वहीशी ताडून घे, कॉक्सचा, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याचा, रकानाही बघ. ‘सहयोगी सभासद’ दिसलं तर क्लबाच्या घटनेत त्यांना मताधिकार होता का ते वाच. नाव जुळत नसेल तर जागा मोकळी सोड, अंदाजाने भरू नकोस.

तुझी,
आई