परसाचा नकाशा पाठवलाय, पण आधी हे वाचा

आई, बाबा,

नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. तो उघडायच्या आधी हे वाचा, नाहीतर बाबा लगेच फोन करतील आणि फोनवर मला त्यांच्याशी धड भांडता येत नाही. परसाचं काम दिवाळी झाली की सुरू होतंय. गवंड्याला इसार दिलाय, विटाही सांगितल्यात, म्हणजे "बघू गं नंतर" हा विषय संपला.

बाबा, तुम्ही म्हणणार आमचं काय अडलंय. काही अडलेलं नाही, मान्य. पण त्या शहाबादी फरशीवर पावसाळ्यात शेवाळं धरतं आणि तुम्ही त्याच पायरीवरून भरलेली बादली घेऊन उतरता, आणि मागच्या वर्षी जे झालं ते मला कळलं कसं, तर आईच्या तोंडून निसटलं म्हणून. रागावले नाहीये. इथे बंगलोरला पाऊस लागला की मला सांगलीची ती पायरीच दिसते, त्याला मी काय करू सांगा.

आणि बागकाम बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. ताई म्हणत होती सरळ पेव्हर ब्लॉक टाका, कटकट नको. मी तिच्याशी भांडले. सकाळी मातीत हात घातल्याशिवाय आईचा दिवस सुरू होत नाही हे तिला काय मी सांगायचं?

तर वाफे विटांचे, जमिनीपासून उचललेले. बाबांचा वाफा अडीच फूट उंच, उभ्याउभ्या हात पोचेल, वाकायचं नाही. आईचा दीड फूट, कारण तिला उभं राहून टाचा दुखतात, आणि त्याचा कठडा एका विटेच्या लांबीचा, नऊ इंच, म्हणजे त्यावरच ऐसपैस बसून भाजी खुडता येईल. दोन्ही बाजूंनी जाता येतं तिथे रुंदी चार फूट, कंपाउंडला चिकटून आहे तिथे दोनच, पलीकडचं तण काढायला आत चढायला नको. मधली वाट तीन फूट आणि खरबरीत. दोघांना शेजारी शेजारी चालता यावं म्हणून. (वॉकरचं मी काही बोललेले नाही.)

वाफे खाली मोकळेच, कोबा नाही, शिवाय तळाशी पाणी निघायला भोकं. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते, 2019 च्या पुरानंतर काय चिखल होता तो आठवा. तळाला पाचट, नारळाच्या शेंड्या, पालापाचोळा, वर माती आणि कुजलेलं शेणखत. पहिल्या काही महिन्यांत हे सगळं खाली बसणार, तेव्हा "पोरीने फसवलं" म्हणू नका, वरून भर घालायची असते.

बाबा, तुम्ही घराच्या भिंतीलगत वाफे काढले होते, ते मी कंपाउंडकडे सरकवलेत. परस उत्तरेला, थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणजे ऐन मेथी-पालकाच्या दिवसांत भिंतीजवळ नुसती सावली. तुम्ही पाठवलेल्या सकाळ-दुपार-संध्याकाळच्या फोटोंवरूनच ठरवलंय, मनाने नाही. वांगी, मिरची, टोमॅटो उन्हात. पुदिना, गवती चहा सावलीकडे. अळू मोरीच्या पाण्यावर आहे तिथेच. अण्णांच्या पेरूला हात लावायचा नाही हे गवंड्याला दोनदा बजावलंय. शेवगा परत लावायचा नाही. त्यावर चर्चा नको.

भेंडी मात्र आईच्या कठड्याजवळच. शाळेतून आले की तू कोवळी भेंडी तोडून तशीच हातात द्यायचीस, तिची लव जिभेला टोचायची, आणि मी दप्तर न काढता खात बसायचे. रात्री बाबा टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायचे आणि मी मिठाचा डबा धरून मागे, दुष्टासारखी. इथे पंधरा रुपयांची कोथिंबीर घेतानासुद्धा तुम्ही आठवता. मला जास्त येता येत नाही गं, ते माहितेय मला.

बरं, आता नीट ऐका. पाणी ठिबकने, गच्चीवरच्या टाकीतून, तोटी कमरेच्या उंचीवर. बाबांनी फक्त ती फिरवायची आणि आठवड्यातून एकदा फिल्टरची जाळी धुवायची, बोअरच्या क्षारांनी ठिबकची तोंडं बुजतात. बादली बंद म्हणजे बंद. खताचं पोतं कुणीही उचलायचं नाही, माणूस येईल, पैसे मी देते, त्यावरून त्याच्याशी घासाघीस नको. काम चालू असताना मागचं दार लावून घ्यायचं, आणि सिमेंटच्या धुळीत आईने उभं राहायचं नाही, दम्याचा पंप हाताशी ठेवायचा. गवंड्याला चहा द्या, पण त्याला नवीन डिझाइन सुचवू नका बाबा, प्लीज. काही बदलायचं असेल तर नकाशावर पेनने खूण करून मला फोटो पाठवा, रविवारपर्यंत. मोगरा कुठे लावायचा ते मी मुद्दाम रिकामं ठेवलंय, ते तुम्ही दोघं ठरवा, आणि न भांडता.

तुमची,
छकुली


ता. क. जुनी फरशी भंगारवाल्याला देऊ नका, मोरीपाशी घंगाळ ठेवायला दोन लागतील.