मोडलेल्या पलटणीला कंसही मिळाला नाही

मा. संपादक यांस,
स. न.

१ ऑक्टोबर हा महार रेजिमेंटचा स्थापना दिवस. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला तिची पहिली बटालियन उभी राहिली. त्या महिन्यात सगळ्या नागपूरचं लक्ष दीक्षाभूमीकडे असतं, आमचंही असतं. पण आमच्या इंदोऱ्यातल्या घरी त्याआधी आजोबांची ट्रंक पुसून काढतात. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात '२५ महार' लिहिलेलं आहे. ही पलटण १९४२ साली उभी राहिली आणि १९४६ साली मोडली.

आजोबा तीत जेमतेम चार वर्षं होते. पलटण मोडल्यावर तिची माणसं उरलेल्या तीन बटालियनांत वाटली गेली. आजोबांच्या वाट्याला दुसरी आली. ती तर १९४२ साली आपल्या कामठीतच उभी राहिलेली, म्हणजे घरचीच. तिथे अकरा वर्षं काढली, पेन्शनही तिथूनच मिळाली. तरी कुणी विचारलं, 'बाबा, कोणत्या पलटणीत होते?' तर उत्तर एकच, 'पंचवीस.' आजी चिडवायची, 'अकरा वर्षं ज्यायची भाकर खाल्ली त्यायचं नाव नाई घेत, अन् मेलेल्या पलटणीचं सुतक पाळते.' आजोबा हसायचे, पण उत्तर बदललं नाही.

१९४७ मध्ये रेजिमेंटच्या तिन्ही बटालियन पंजाब सीमा दलात होत्या, निर्वासितांच्या काफिल्यांना सोबत करत. तेव्हा पंचवीस मोडून वर्ष झालं होतं. पण आजोबांच्या गोष्टींत रात्रीच्या पहाऱ्याला शेजारी असायचा तो 'आपला पंचवीसवाला'च. निवृत्तीनंतर असे चौघे उरले होते: एक कामठीचा, एक उमरेडचा, एक वर्ध्याकडचा आणि आजोबा. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, बाकीचे एसटीने पोचायचे. शेवटच्या मयतीला आजोबा एकटेच गेले. परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

टोपीवरच्या बिल्ल्यात आधी कोरेगावचा जयस्तंभ होता, पुढे तो काढून खंजीर आला. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. दोन्ही बिल्ले ट्रंकेत आहेत. आकडा मात्र त्यांनी सोडला नाही.

हे आठवायचं कारण कामठीचंच आहे. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. १९४९ साली सैन्यातल्या चार जुन्या, मानाच्या बटालियन घेऊन ही रेजिमेंट बांधली. त्यांची नावं बदलली, पण जुनं नाव कंसात राहिलं: २ गार्ड्स (१ ग्रेनेडियर्स), ४ गार्ड्स (१ राजपूत). शिपायाला ओळखणाऱ्या कुणीतरीच तो कंस ठेवला असणार. पंचवीसला कंसही मिळाला नाही, कारण तो लावायला मागे काही उरलंच नव्हतं. काही वर्षांपूर्वी आजोबांच्या नोंदीसाठी एका कार्यालयात गेलो, तर 'अशी बटालियन आमच्या यादीत नाही' असं ऐकून परत आलो. ट्रंक सोबत न्यायला हवी होती!

कुणी म्हणेल, इंग्रजांच्या नोकरीचं एवढं काय कौतुक? पोटासाठी गेलो, हे आजोबा स्वतःच सांगायचे. पण त्या सरकारने या शिपायांशी काय केलं तेही बघा. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी निवृत्त सैनिकांच्या वतीने अर्ज केला, काही झालं नाही. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो! पुन्हा दार उघडायला १९४१ उजाडलं, तेही डॉ. बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी धरलेल्या आग्रहामुळे. अशा सरकारवर कोण जीव लावणार? जीव लागला होता तो एका ताटात जेवणाऱ्यांवर. ज्यांना आजवर कुणी एका ताटात घेतलं नव्हतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट किरकोळ नव्हती, असं मला वाटतं.

आता पंचवीसमधलं कुणी हयात असण्याची शक्यता फार कमी आहे. पण इंदोरा, बेझनबाग, कामठी भागांतल्या घरांच्या माळ्यावर अशा ट्रंका, डिस्चार्जची पुस्तकं असतील. पेंट देताना ती भंगारात जातात, हे मी शेजारीच पाहिलं आहे. आपल्या वृत्तपत्राने ऑक्टोबरात महिनाभर रोज एक जुना फोटो छापायला जागा द्यावी, एवढीच विनंती. सुरुवात आमच्यापासून करा. आमच्याकडे १९४५ चा एक ग्रुप फोटो आहे, तीन रांगांचा. पुढच्या रांगेतली नावं आजोबांनी मागे लिहून ठेवली आहेत. मधल्या रांगेतले चौघे आणि मागचे सगळे कोण, ते आम्हाला माहीत नाही. त्यात कुणाचे तरी आजोबा असतील.

– एक वाचक, इंदोरा, नागपूर